एडिस्टोनचा दीपस्तंभ पाहताना या चुका टाळा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील प्लिमथ बंदरात ‘हो’ नावाचे उंच, मोकळे पठार आहे आणि त्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक मनोरा उभा आहे. एडिस्टोन या समुद्रातील खडकांवरचा दीपस्तंभ पाहण्यास आलेल्यांची पहिली चूक बहुधा याच मनोऱ्यापाशी होते. ९३ पायऱ्या चढून, वरच्या काचेच्या दिवाघरात छायाचित्रे काढून मंडळी परततात आणि एडिस्टोन पाहून झाला असे समजतात. हा मनोरा एडिस्टोनचाच खरा, परंतु तेथील खडकावर तो १७५९ ते १८८२ या काळात उभा होता. आज जहाजांना सावध करणारा दीपस्तंभ येथून सुमारे २२ किलोमीटर दूर, भर समुद्रात आहे. आधी किनाऱ्यावरचा मनोरा पाहावा आणि मग त्याच्याच सज्जातून समुद्रातल्या दीपस्तंभाचा शोध घ्यावा, हा क्रम मला सर्वांत योग्य वाटतो.

शोध घेतानाही हमखास फसगत होते. ‘हो’वरून दक्षिण-नैर्ऋत्येकडे पाहिले की एक करडा मनोरा सहज नजरेत भरतो, पण तो बंदराच्या तोंडाशी असलेल्या ब्रेकवॉटरच्या, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाच्या, पश्चिम टोकावरचा दीपस्तंभ असतो. तो जेमतेम साडेतीन किलोमीटरवर आहे आणि एडिस्टोन जवळजवळ त्याच दिशेला, त्याच्याही पलीकडे क्षितिजापाशी आहे. एडिस्टोनची उंची ४९ मीटर असली, तरी इतक्या अंतरावरून ती पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या जेमतेम पाव भागाएवढी भरते. त्यामुळे नुसत्या डोळ्यांना एक बारीक उभी रेघ दिसते, तीही हवा स्वच्छ असेल तरच. आठपट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण कठड्यावर टेकवून धरली, तर मनोऱ्याचा आकार आणि माथ्यावरचे हेलिकॉप्टर उतरवण्याचे व्यासपीठ ओळखता येते.

रेघही दिसत नसेल, तर आपण कोठे उभे आहोत हे आधी तपासावे. पाण्याच्या जवळ गेल्यास अधिक चांगले दिसेल ही समजूत चुकीची आहे. पाण्यालगत उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज सुमारे पाच किलोमीटरवर संपते आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे २२ किलोमीटरवरच्या मनोऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग त्या क्षितिजाखाली जातो. म्हणून उंचीवर जावे. पश्चिमेकडे कॉर्नवॉलमधील रेम हेड या भूशिरावरून हे अंतर सुमारे १४ किलोमीटरच राहते आणि उंचीचाही लाभ मिळतो. दुपारी सूर्य समोर येऊन पाणी चकाकते, त्यामुळे सकाळची वेळ धरावी.

इतिहास सांगताना होणाऱ्या चुका याहून अधिक खोल रुजलेल्या आहेत. या खडकांवर आजवर चार दीपस्तंभ झाले आणि त्यांपैकी पहिले तिन्ही समुद्रानेच पाडले किंवा डळमळीत केले, असे सरसकट सांगितले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. हेन्री विन्स्टन्ली यांनी उभारलेला पहिला दीपस्तंभ १६९८ मध्ये प्रकाशमान झाला आणि १७०३ च्या नोव्हेंबरातील महावादळाने तो वाहून नेला. त्या रात्री विन्स्टन्ली स्वतः आत होते. काही ठिकाणी या वादळाची तारीख डिसेंबरातली दिलेली आढळते. ती छपाईची चूक नसून इंग्लंडने १७५२ पर्यंत जुनी दिनदर्शिका पाळल्यामुळे पडलेला ११ दिवसांचा फरक आहे. जॉन रुडयर्ड यांचा दुसरा, मुख्यतः लाकडी मनोरा लाटांपुढे सत्तेचाळीस वर्षे टिकला आणि १७५५ मध्ये दिवाघरातून लागलेल्या आगीत जळाला.

तिसरा मनोरा जॉन स्मीटन यांचा. तो कमकुवत ठरला म्हणून काढावा लागला, हे विधान मला सर्वांत अन्यायाचे वाटते. स्मीटन यांनी ओक वृक्षाच्या बुंध्याप्रमाणे तळाशी रुंद आणि वर निमुळता होत जाणारा आकार निवडला. ग्रॅनाइटचे चिरे सुतारकामातील डव्हटेल (पक्ष्याच्या पसरट शेपटीसारख्या) सांध्याप्रमाणे एकमेकांत अडकवले आणि थरांमध्ये संगमरवरी खुंट्या बसवल्या, त्यामुळे एकच चिरा ओढून काढणे लाटेला अशक्य झाले. पाण्याखालीही घट्ट होणारा चुना मिळावा म्हणून त्यांनी निरनिराळे चुनखडक भाजून पाहिले आणि ज्या खडकात चिकणमातीचा अंश असतो त्याचाच चुना पाण्यात आवळतो, हे त्यांच्या लक्षात आले. यावरून त्यांना पोर्टलँड सिमेंटचे जनक म्हणणे मात्र चूक आहे. ते पेटंट १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिन यांनी घेतले. स्मीटन यांचा मनोरा धडधाकट होता, झिजत गेला तो त्याच्याखालचा खडक, आणि मोठी लाट आदळली की सारा मनोरा हादरू लागला. म्हणून जेम्स डग्लस यांनी शेजारच्या खडकावर १८८२ मध्ये आजचा दीपस्तंभ उभारला. जुन्याचा वरचा भाग चिरा-चिरा सोडवून प्लिमथच्या ‘हो’वर पुन्हा रचण्यात आला, तर तळाचा भरीव भाग जागीच राहिला.

हा उरलेला बुंधा जवळून पाहायचा असेल, तर नावेने जावे. मात्र दीपस्तंभावर उतरता येईल ही अपेक्षा ठेवू नये. १९८२ पासून तो स्वयंचलित आहे, आत कोणी राहत नाही आणि तो पर्यटकांसाठी खुला नाही. मोठ्या भरतीला येथील खडक पाण्याखाली जातात, त्यामुळे ओहोटीची वेळ निवडावी. भरती-ओहोटीचे तक्ते अनेकदा ग्रिनिच वेळेनुसार असतात आणि उन्हाळ्यात इंग्लंडमधील घड्याळे तासभर पुढे असल्याने त्यांत एक तास मिळवावा लागतो. हा तास विसरला की खडक दिसण्याची वेळ हुकते. वारा पडलेला असला तरी दूरच्या वादळाची लाट या खडकांवर फुटत असते, म्हणून निघायचे की नाही हा निर्णय नावाड्यावरच सोपवावा.

रात्री तर उंचावर जाऊन केवळ घड्याळ हाताशी ठेवावे. या बत्तीची खूण म्हणजे दर दहा सेकंदांनी लागोपाठ दोन पांढरे झोत. बंदराच्या तोंडाशी इतरही दिवे लुकलुकत असतात, त्यामुळे एका आवर्तनावर विसंबू नये. सलग तीन-चार आवर्तने मोजावीत. प्रत्येक वेळी दोन झोतांची जोडी दहाव्या सेकंदाला परत आली, तर तो एडिस्टोनच.