डिबेट कोण जिंकलं? सांगण्याआधी या चुका टाळा

अमेरिकेत प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाचा मोसम आला की आमच्या ग्रुपवर सकाळी साडेसहाला डिबेट सुरू होते आणि सातला निकाल लागतो. तिकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात, कार्यक्रम दोन तासांचा असतो, निम्म्या उमेदवारांची धड पाळीही आलेली नसते. इकडे मात्र ‘अमुक संपला’ जाहीर! यातल्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसलोय, म्हणून जरा हक्काने बोलतो.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे एका षटकारावर सामना देऊन टाकणं. जून २०१९, मायामी. डेमोक्रॅटिक पक्षाचे वीस उमेदवार, दोन रात्रींत दहा-दहा. दुसऱ्या रात्री कमला हॅरिस यांनी जो बायडन यांना बसच्या मुद्द्यावर धरलं. गोऱ्या-काळ्या मुलांनी एकत्र शिकावं म्हणून त्यांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत नेलं जाई, आणि बायडन सत्तरच्या दशकात त्याच्या विरोधात होते. त्या बसमधली एक मुलगी म्हणजे मीच, असं हॅरिस म्हणाल्या. बायडन गडबडले आणि ‘माझी वेळ संपली’ म्हणत थांबले. मी त्याच सकाळी ऑफिसच्या कँटीनमध्ये मिसळीची पैज लावली, की उमेदवारी हॅरिस यांचीच. पोलमध्ये त्या चढल्याही. मग लोकांनी साधा प्रश्न विचारला, आज तुम्ही अशा बस चालवायला लावाल का? उत्तर गुळमुळीत आलं. डिसेंबरमध्ये, एकही मत पडायच्या आधी, त्या शर्यतीतून बाहेर पडल्या. उमेदवारी बायडन यांना मिळाली. मिसळ मी दिली, वर एक्स्ट्रा तर्रीही.

दुसरी चूक म्हणजे सफाईला उत्तर समजणं. मी वही घेऊन बसतो. फेब्रुवारी २०१६ मधल्या न्यू हॅम्पशायरच्या रिपब्लिकन डिबेटला, रविवारी सकाळी, चहा घेऊन बसलो होतो. उमेदवार मार्को रुबिओ आधीच्या आयोवा राज्यातल्या मतदानात तिसरे येऊन जोरात होते. ओबामांना आपण काय करतोय हे कळत नाही हा भ्रम सोडा, त्यांना ते नेमकं कळतं, असं काहीसं ते म्हणाले. मी लिहिलं, ‘मुद्देसूद’. थोड्या वेळाने लिहिलं, ‘ठाम’. तेवढ्यात त्यांचे प्रतिस्पर्धी ख्रिस क्रिस्टी म्हणाले, हेच ते पंचवीस सेकंदांचं पाठ केलेलं भाषण. वहीत बघतो तर एकाच वाक्याला मी दोनदा शाबासकी दिलेली! आणि एवढं होऊनही रुबिओंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तीन दिवसांनी मतदानात ते पाचवे आले. गंमत म्हणजे त्यांना लोळवणारे क्रिस्टी सहावे येऊन दुसऱ्याच दिवशी घरी गेले. तेव्हापासून मी ‘कसं बोलला’ याच्या शेजारी ‘विचारलं काय होतं’ हा रकाना ठेवतो. कंटाळवाणं काम आहे. रील बघून मत बनवणाऱ्यांना ते जमत नाही, आणि मी आता आग्रहही करत नाही.

रुबिओंना ते इतकं महागात का पडलं? हा माणूस घोकून बोलतो, अशी कुजबुज आधीपासून होती. आणखी एक रिपब्लिकन उमेदवार, रिक पेरी यांचंही तसंच. नोव्हेंबर २०११ च्या डिबेटमध्ये, निवडून आल्यावर बंद करायच्या तीन सरकारी खात्यांपैकी तिसरं त्यांना आठवेना, पण आधीच्या डिबेटमध्येच त्यांची घसरण सुरू झाली होती. विसरलेलं खातं ऊर्जेचं होतं. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना तेच दिलं!

टाळ्या मोजू नका. जानेवारी २०१२ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या डिबेटला सभागृह रिपब्लिकन उमेदवार न्यूट गिंग्रिच यांच्यासाठी उभं राहिलं आणि दोन दिवसांनी ते तिथली प्रायमरी जिंकलेही. पुढच्याच डिबेटमध्ये, फ्लोरिडातल्या टॅम्पाला, प्रेक्षकांना गप्प बसायला सांगितलं, तर हेच गिंग्रिच फिके वाटले. फ्लोरिडा त्यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नींनी घेतलं.

डिबेटनंतरचे ऑनलाइन पोल बघूच नका. त्यांत रॉन पॉल कायम जिंकायचे, रिपब्लिकन उमेदवारी मात्र त्यांना कधीच मिळाली नाही.

मधला पोडियम बहुधा पोलमध्ये पुढे असणाऱ्याला मिळतो. तो तिथे ‘नेता वाटतो’, यात नवल काय?

आवाज बंद करून बघा, असं सांगणारेही भेटतात. त्यांच्याकडे १९६०च्या केनेडी-निक्सन डिबेटची गोष्ट तयार असते, की रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्हीवर बघणाऱ्यांना केनेडी. ती प्रायमरीची नाही, आणि एका छोट्या पाहणीवर उभी आहे.

राहता राहिला ‘आपला माणूस’. २०१८ मध्ये बेळगावचे श्री ठाणेदार मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, तेव्हा ग्रुपवर एकानेही डिबेट बघितली नव्हती. तरी निम्म्यांनी त्यांना विजयी केलं, उरलेल्यांनी इंग्रजी उच्चारांवरून निकालात काढलं. ते तिसरे आले. २०२२ मध्ये ते डेट्रॉइटमधून अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निवडून गेले, आणि दोन्ही बाजूंनी लिहिलं, ‘मी म्हणालोच होतो.’