वैनगंगेकाठचे शिंपले : अभ्यासाला लागणाऱ्यांसाठी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या खेड्यांतून एम.एस्सी. प्राणिशास्त्राला आलेली मुलं प्रकल्पासाठी बहुधा पक्षी नाहीतर फुलपाखरं निवडतात. ज्यांच्या गावाजवळ नदी, नाला, मामा (माजी मालगुजारी) तलाव किंवा साधी बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं, आहे, त्यांनी गोड्या पाण्यातले शिंपले निवडावेत, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. महागडी दुर्बीण लागत नाही आणि करण्यासारखं काम अजून खूप शिल्लक आहे.

सुरुवात करताना एक मात्र मनात पक्कं ठेवा. दिसले तेवढे शिंपले मोजून थांबू नका, पिल्लं शोधा. शिंपला अनेक वर्षं जगतो. नदीच्या पात्रात मोठे शिंपले भरपूर दिसतात आणि तरीही तिथलं प्रजनन कधीचंच थांबलेलं असू शकतं. याचं कारण त्याच्या जीवनचक्रात आहे. मादी अंडी स्वतःच्या कल्ल्यांत वाढवते. त्यांतून निघालेली बारीकशी अळी, म्हणजे ग्लोकिडियम, माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटते, काही दिवस ते काही आठवडे तिथे काढते, तिथेच तिचं रूप पालटतं आणि मग ती तळाशी गळून पडते. मासा मिळाला नाही तर ती मरते. मादीचे फुगलेले कल्ले सूक्ष्मदर्शकाखाली पाहाल तेव्हा आत परजीवी भरलेत असंच वाटेल. १७९७ मध्ये रॅथके या संशोधकालाही तसंच वाटलं होतं आणि त्याने या अळ्यांना परजीवी म्हणूनच नाव दिलं होतं.

कोणताही मासा चालतो असंही नाही. भारतातल्या बहुतेक जातींचे यजमान मासे, म्हणजे ज्यांच्यावर त्यांची अळी वाढते ते मासे, अजून नक्की झालेले नाहीत. पुढे पीएच.डी. करायची असेल तर याहून मोलाचा विषय मला सुचत नाही. बंधाऱ्यामुळे मासा वर चढायचा थांबला, तर वरच्या डोहातले शिंपले नुसते म्हातारे होत जातात, आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही.

प्रत्यक्ष काम उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर करा आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या जाणत्या माणसासोबतच करा. रेती उपसलेल्या जागी पाण्याखाली अचानक खोल खड्डे असतात. वरच्या धरणातून पाणी कधी सुटणार याचीही चौकशी करून ठेवा. मला शिकवणारे काकाजी म्हणाले, "हातानं नाही बाई, पायानं पाहा. रेतीत कडक लागलं का शिपीच हाय." मोठे शिंपले असेच सापडतात. लहानांसाठी मात्र एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून तिच्यातली वरची रेती चाळणीने चाळावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण खरी माहिती त्यातूनच मिळते. प्रत्येकाची लांबी व्हर्नियरने मोजा. नंतर शिंपला आखूड, गोलसर टोक रेतीत खाली जाईल असा परत रोवा. मागचं टोक वर राहू द्या, कारण पाणी आत ओढायची आणि बाहेर सोडायची वाट तिकडे असते. रिकाम्या शिंपल्यांची नोंद वेगळी ठेवा. आतून चकाकणारा शिंपला अलीकडे मेलेला, खडूसारखा पांढरा पडलेला जुना.

ओळखीसाठी बिजागरीचे दात आणि शिखराजवळची, म्हणजे बिजागरीपाशी असलेल्या कवचाच्या उंचवट्याजवळची, नक्षी पाहा. लॅमेलिडेन्स या गटातला शिंपला लांबट असतो, दात पातळ पट्ट्यांसारखे. तो संथ, गाळाच्या पाण्यात आणि तलावांत चांगला टिकतो. पॅरेसिया या दुसऱ्या गटातला आखूड, जाड कवचाचा, शिखराजवळ नागमोडी रेघा. त्याला वाहतं पाणी मानवतं. झेडएसआयने (भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने) १९८९ मध्ये काढलेली सुब्बा राव यांची मार्गदर्शिका अजून उपयोगी पडते, पण तिच्यातली काही नावं आता बदलली आहेत. डीएनए करायचं झालं तर ऊती शिंपल्याच्या पायातून घ्या. मायटोकॉन्ड्रियल डीएनए एरवी आईकडूनच येतो, पण शिंपल्यांत नरांच्या जननग्रंथींत बापाकडून आलेला, वेगळा असतो. चुकून ती ऊती घेतलीत तर एकच जात दोन भासेल.

वैनगंगा, वर्धा, पैनगंगेचं पाणी गोदावरीला जातं, अकोला-बुलढाण्याकडच्या पूर्णेचं तापीला. त्यामुळे विदर्भातल्या विदर्भात दोन खोऱ्यांची तुलना करता येते. एखाद्या महाविद्यालयाने ती मनावर घ्यावी असं मला फार वाटतं.

धोके डोळ्यांसमोर आहेत. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येतं. शिंपला पाणी गाळून जगतो, त्यामुळे पाण्यातले जड धातू त्याच्या अंगात साठत जातात. रेतीघाटावर तर तळच उचलला जातो, शिंपल्यांसकट. मोतीशेतीच्या जाहिराती पाहून कुणी तुमच्याकडे शिंपले मागायला आलं, तर नदीतून काढून देऊ नका. शेतीला लागणारे शिंपले तुम्ही कुठून आणणार, हे त्यांना आधी विचारा.

तुमची माहिती प्रबंधात अडकून राहू नये. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. सरपंचांना भेटा आणि त्या वहीत शिंपल्यांचं पान घालून घ्या. स्थानिक नाव, डोहाचं नाव, महिना, किती मिळाले, आणि सगळ्यांत लहान शिंपला किती मिलिमीटरचा निघाला, एवढं त्यावर असलंच पाहिजे.