फोल्डर आहे का, हे कोडला विचारताना

नव्याने कामाला लागलेल्यांचा कोड तपासताना एक ओळ हमखास दिसते. रोजचे रिपोर्ट तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवायचे असतात आणि तो आहे का हे पायथन भाषेतल्या 'ओएस.पाथ.एक्झिस्ट्स' या फंक्शनला विचारलेलं असतं. पण ते एवढंच सांगतं की त्या नावाचं काहीतरी तिथे आहे. एक्स्टेन्शन (नावापुढचं .txt सारखं शेपूट) नसलेली त्याच नावाची फाइल असली तरी उत्तर 'ट्रू'च येतं आणि आत लिहायला गेल्यावर प्रोग्राम पडतो. फोल्डरच हवा असेल तर 'ओएस.पाथ.इजडिर' वापरा, किंवा पायथन ३.४ पासून आलेल्या पाथलिब या मॉड्यूलमधलं 'इज_डिर'.

'फॉल्स' उत्तराकडे मी जास्त वेळ बघायला सांगतो. फोल्डर खरंच नाही, की तिथवर जायची परवानगी तुमच्या युजरला नाही? दोन्ही वेळा 'फॉल्स'च मिळू शकतं. सगळ्यात जास्त घोळ रिलेटिव्ह पाथचा, म्हणजे प्रोग्राम ज्या फोल्डरमधून चालतोय तिथून मोजलेल्या पत्त्याचा. टर्मिनलवर नीट चालणारा प्रोग्राम क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत) टाकला की फोल्डर सापडत नाही, कारण क्रॉन तो प्रोजेक्टमधून नाही, युजरच्या होम डिरेक्टरीतून चालवतो. आधी 'ओएस.गेटसीडब्ल्यूडी', म्हणजे प्रोग्राम आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते, प्रिंट करून बघा, बरीच शोधाशोध वाचते. विंडोजवर लिहिलेलं लिनक्स सर्व्हरवर नेणार असाल तर नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरंही तपासा, लिनक्स ती वेगळी मानतं.

आधी विचारायचं आणि मग बनवायचं, ही पद्धतच मला पटत नाही. या दोन पायऱ्यांमध्ये क्षणभराची फट असते. दोन प्रोसेस (एकाच वेळी चालणारे दोन प्रोग्राम) एकदम आल्या तर दोघींनाही 'नाही' असं उत्तर मिळतं, पहिली फोल्डर बनवते आणि दुसरी 'फाइलएक्झिस्ट्सएरर' देऊन पडते. आपल्या लॅपटॉपवर हे सहसा दिसत नाही, सर्व्हरवर गर्दीच्या वेळी दिसतं, म्हणून पकडायला फार अवघड. त्यापेक्षा सरळ 'ओएस.मेकडर्स'ला 'एक्झिस्ट_ओके=ट्रू' द्या. ही सोय पायथन ३.२ पासून आहे. फोल्डर असेल तर ते गप्प राहतं, नसेल तर बनवतं. त्या नावाची फाइल निघाली तर एरर देतं, आणि ते योग्यच आहे. लिनक्सवर 'एमकेडिर -पी' ही कमांड तेच करते.

मग 'इजडिर' लागतं कुठे? जो फोल्डर तुमच्या प्रोग्रामने बनवायचाच नाही तिथे. युजरने इनपुट फोल्डरचा पाथ चुकीचा टाकला आणि तुम्ही तो गुपचूप बनवून दिलात, तर प्रोग्राम रिकाम्या फोल्डरवर फिरून 'काम पूर्ण' म्हणेल. तिथे थांबा, आणि एरर मेसेजमध्ये पूर्ण अ‍ॅब्सोल्यूट पाथ छापा.