पिकअपमध्ये माल बांधताना या चुका टाळा: दोरी नंतर, आधी पोकळी

कळंबोलीहून चेंबूरला पीव्हीसीचे पाइप आणत होतो. गाडी घेऊन महिनाही झाला नव्हता. गिऱ्हाइकाने पाइप आठ-आठ फुटांना कापून घेतले होते, म्हणजे हौद्यात आरामात बसले. पुढे केबिनपर्यंत फूटभर जागा उरली, ती उरू दिली. वरून तीन ठिकाणी दोरी टाकली आणि अशी आवळली की टिचकी मारली तर वाजावी. मनात म्हटलं, आता हलत नाही.

वाशीचा खाडीपूल उतरून मानखुर्दला आलो. पुढची रिक्षा एकदम थांबली, मी ब्रेक दाबला. वेग पस्तीस-चाळीसचा असेल. दोरी जागेवर राहिली, कडेचे पाइपही जागेवर राहिले. पण मोळीतून ऊस ओढावा तसे मधले सात-आठ पाइप निसटले आणि केबिनची मागची काच फोडून आत आले. एक तर शेजारच्या सीटच्या पाठीत घुसून थांबला. त्या सीटवर रोज माझा मेहुणा बसायचा. त्या दिवशी त्याची सुट्टी होती.

नंतर मस्जिद बंदरला एका म्हाताऱ्या माथाडीला ही हकिगत सांगितली. साताऱ्याकडचा माणूस, पाठीवर आयुष्य काढलेला. तो हसला आणि म्हणाला, "आरं बाबा, दोरीचं मागनं बघू. आदी पोकळी बुजव." नव्या गाडीवाल्यांच्या निम्म्या चुका या एका वाक्यात येतात.

चूक पहिली: दोरीने माल धरला असं समजणं

वरून टाकलेली दोरी माल धरत नाही, फक्त खाली दाबते. दाबल्यामुळे माल आणि हौद्याच्या तळाचा पत्रा यांच्यात घर्षण वाढतं, तेवढाच तिचा उपयोग. प्रत्यक्ष अडवायचं काम केबिनमागची भिंत, बाजूचे फाळके (हौद्याच्या उघडणाऱ्या भिंती) आणि शेजारचा माल करतात. म्हणून माल आधी पुढच्या भिंतीला टेकवायचा. टेकत नसेल तर मधली जागा भरायची: रिकामे क्रेट, लाकडी ठोकळे, जुने टायर, बारदानात भरलेला भुसा, काहीही चालतं. थर्माकोल आणि पुठ्ठा मात्र नको, जोर आला की ते दबतात आणि पोकळी परत तयार होते.

जोर किती येतो याचा अंदाज आपल्याला नसतो. युरोप-अमेरिकेत माल बांधण्याचे जे नियम आहेत त्यांत ब्रेकसाठी मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढच्या बाजूला धरतात, वळणासाठी ५० टक्के बाजूला आणि तेवढाच मागे. म्हणजे ५०० किलो मालाला पुढे ४०० किलोचा रेटा सोसेल असा अडसर हवा. हे झालं ब्रेकचं. चाळीसच्या वेगात गाडी डंपरवर आपटून जागीच थांबली, तर मागून सुटून आलेली ५० किलोची सिमेंटची गोणी दुसऱ्या मजल्यावरून खाली पडावी तशी केबिनवर येते. काचेमागे लोखंडी जाळी बसवून घ्या. मी बसवली, पण काच फुटल्यावर.

पाइप, सळया, बांबू, पडद्याचे रॉड अशा लांब गुळगुळीत मालाला वरून दोरी टाकून भागत नाही. दोरी फक्त कडेच्या नगांना पकडते. आधी मोळीला दोन ठिकाणी पूर्ण वेढे द्या, दोन-दोन फेरे, आणि फास आवळून मोळी एकजीव करा. मग ती मोळी हौद्याला बांधा. पुढच्या तोंडाला प्लायचा तुकडा उभा लावला तर मधला पाइप निसटला तरी त्याला जायला वाट राहत नाही.

पत्रा ओला असेल तर सगळंच घसरतं. हौद्यात रबरी मॅट टाकून ठेवा. तिच्यावर होणारा खर्च एका फुटलेल्या वॉश-बेसिनच्या भरपाईपेक्षा कमीच असतो.

चूक दुसरी: जड माल मागे, कारण उतरवायला सोपा

हे हमालांना सोयीचं असतं, गाडीला नाही. मागच्या चाकांच्याही मागे वजन गेलं की गाडी पुढून उचलते. स्टीअरिंग हलकं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि पावसात पुढची चाकं वळायला ऐकत नाहीत. ठाण्याहून घोडबंदरला जाताना गायमुखच्या चढावर हे लगेच कळतं. तिथेच सगळा भार मागच्या फाळक्यावर येतो, आणि फाळक्याच्या कड्या असल्या भारासाठी नसतात.

जड नग मागच्या चाकांच्या थोडा पुढे, खाली आणि मधोमध ठेवा. एका बाजूला वॉशिंग मशीन आणि दुसऱ्या बाजूला उशा असं केलंत तर वळणावर गाडी तुम्हाला विचारणार नाही. दोन-तीन ठिकाणी माल टाकायचा असेल तर शेवटी उतरवायचा तो आधी भरा, पण पहिला माल उतरल्यावर उरलेला पुन्हा पुढे ढकलून पुन्हा बांधा. इथे सगळेच आळस करतात. साकीनाक्याला निम्मा माल उतरला, आता दोरी ढिली आहे, पण "पुढे पवईलाच तर जायचंय."

किती भरायचं हे आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर लिहिलेलं असतं. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. जे उरेल त्यातच ड्रायव्हर, सोबतचा माणूस आणि ताडपत्रीसुद्धा आली. विकणारा काहीही म्हणो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भाराचा दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार असा आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च आपला.

गोण्या रचताना थप्पी विटांच्या भिंतीसारखी रचा, खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोणी. एकावर एक सरळ रचली तर थप्पीचा मनोरा होतो. तुर्भ्याच्या मार्केटमधून निघालेल्या गाड्या बघा, जुनी माणसं वरचा थर किंचित आत घेतात.

चूक तिसरी: मिळेल तिथे दोरी अडकवणं

फाळका बंद करायची कडी, नंबर प्लेटजवळचा पाइप, टेललाइटची जाळी, कुठेही दोरी अडकवलेली मी पाहिली आहे. दोरी फक्त हौद्याच्या सांगाड्याला जोडलेल्या आकड्यांना. आकडे कमी असतील तर चांगल्या वेल्डरकडून वाढवून घ्या, पण चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या मुख्य सांगाड्याला, वेल्डिंग करू देऊ नका.

दुसरी गोष्ट कोनाची. दोरी जेवढी उभी, तेवढी ती जास्त दाबते. बुटक्या मालावरून दोरी जवळजवळ आडवी गेली आणि पत्र्याशी ३० अंशांचाच कोन झाला, तर तुमच्या ओढीपैकी निम्मीच खाली पोहोचते. बुटक्या मालाला म्हणून वरून दाबण्यापेक्षा चारही बाजूंनी अडवणं बरं. आणि धारेवरून दोरी जाऊ देऊ नका. कपाटाचा कोपरा, ग्रॅनाइटची कड, अँगलची धार, सगळीकडे दोरीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा दुमडलेलं बारदान द्या.

चूक चौथी: निरगाठींचा ढीग

नवा माणूस गाठीवर गाठ मारतो. दोरी तरी ढिलीच, आणि सोडताना सुरी लागते. बाजारात ज्याला आपण नायलॉनची दोरी म्हणतो ती बहुतेक वेळा प्लॅस्टिकची निसरडी दोरी असते. तिच्यात गाठ सरकते आणि उन्हात ती कुजते. खरं नायलॉन ओलं झालं की ताणतं. सुती दोर उलट भिजला की आखडतो आणि गाठ सुटता सुटत नाही. म्हणजे पावसात बांधलेलं उन्हात तपासा, उन्हात बांधलेलं पावसात.

ट्रकवाले मारतात ती गाठ शिकून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. दोरीचं एक टोक डाव्या आकड्याला पक्कं बांधा. दोरी मालावरून उजवीकडे टाका. उजव्या आकड्याच्या हातभर वर, दोरीतच एक सुरगाठीचा फास करा. आता मोकळं टोक खाली आकड्याखालून घ्या, वर आणून त्या फासातून काढा आणि खाली ओढा. कप्पीसारखी ओढ मिळते. कागदावर तिप्पट, पण दोरी दोरीवर घासते म्हणून हातात त्यापेक्षा बरीच कमी पडते. तरीही नुसत्या हाताने ओढण्याच्या मानाने खूप जास्त. ओढ सुटू न देता फासाखाली चिमटीने दाबून धरा आणि दोन अर्ध्या गाठी मारा. सोडताना या अर्ध्या गाठी सोडवल्या आणि टोक फासातून काढलं की सगळं मोकळं.

रॅचेट बेल्ट (दांडा मागेपुढे करून आवळायचा पट्टा) घेतलात तर त्यावरची चिठ्ठी वाचा. तुटण्याचं वजन वेगळं असतं आणि बांधायला वापरायचं वजन वेगळं, ते बरंच कमी असतं. दुकानदार मोठा आकडा सांगतो. चिठ्ठी नसलेला, कडेने उसवलेला किंवा गाठ मारून जोडलेला बेल्ट जड मालाला वापरू नका. आणि लाकडी फर्निचरला रॅचेटने जीव खाऊन आवळू नका, कपाटाचं दार वाकल्यावर गिऱ्हाईक भाडं देत नाही.

चूक पाचवी: हलकं आहे, कशाला बांधायचं

गादी, फोमचे शीट, रिकामे क्रेट, प्लायचा एकच तक्ता. खाडीपुलावर वारा आडवा येतो तेव्हा हीच मंडळी उडतात, आणि मागे दुचाकीवाला असतो. प्लायच्या पुढच्या कडेखाली वारा शिरला की तो तक्ता पतंग होतो. पुढची कड आधी बांधा, मग मागची.

ताडपत्री हे बांधणं नव्हे. ती पावसासाठी. आधी माल बांधा, मग ताडपत्री घाला, पुढची बाजू मागच्या बाजूवर येईल अशी दुमडा, म्हणजे वारा आत शिरत नाही, आणि तिच्यावरून वेगळी दोरी फिरवा. फडफडत असेल तर थांबून आवळा. फडफडणारी ताडपत्री तासाभरात स्वतःच्या डोळ्यांतून, म्हणजे दोरी ओवायच्या भोकांतून, फाटते.

चूक सहावी: फाळका उघडा टाकून लांब माल

प्लायचा तक्ता आठ फुटांचा असतो आणि छोट्या हत्तीचा (टाटा एसचा) हौदा सात फुटांच्या आसपास. इथेच मोह होतो. पूर्वी मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर ठेवायची सवलत होती, ती २०१४ मध्ये काढून टाकली. आता बाहेर आलेल्या मालाचा दंडही कायद्यात २० हजार आहे. लाल फडकं बांधलं म्हणजे झालं, हा जुन्या जमान्यातला समज. तक्ते उभे तिरके बसतात का बघा, सळया दुमडून मागवा, नाहीतर मोठी गाडी सांगा. भाडं गेलं तर गेलं.

काही माल वेगळाच वागतो. फ्रिज आणि गॅसचं सिलिंडर उभंच, सिलिंडरला दोन ठिकाणी पट्टा. काच आणि ग्रॅनाइट आडवं कधीच नाही, 'ए' आकाराच्या घोडीवर टेकवून उभं. पाण्याची टाकी न्यायची तर पूर्ण रिकामी करून. अर्धी भरलेली टाकी वळणावर गाडीलाच धक्का देते. बाइक साइड स्टँडवर नको. पुढचं चाक भिंतीला लावा, हँडलच्या दोन्ही बाजूंनी खाली ओढून शॉकअप थोडे दाबले जातील एवढं आवळा, आणि मागचं चाक बाजूला सरकू नये म्हणून बांधा. गणपतीला वरून दोरी टाकायचीच नाही. पाट चारही बाजूंनी गोण्यांनी पाचर मारल्यासारखा अडवा, आणि एक माणूस केबिनमधून मागे बघत राहील असा बसवा. मागे हौद्यात माणूस बसवू नका, तो माल नाही.

असं होत असेल तर हे बघा

बांधलेलं अर्ध्या तासात ढिलं होतं: दोष दोरीचा नाही. खड्ड्यांनी माल खाली बसतो, गोण्या दबतात. निघाल्यावर पाच-सात किलोमीटरवर पहिला थांबा घ्या. कळंबोलीहून भरलं तर मी खारघरला कडेला घेतो, उतरून प्रत्येक दोरी हाताने दाबतो. पावसाळ्यात दुसरा थांबा वाशीला, पुलाच्या अलीकडे.

ब्रेक मारला की मागून एकच धप्प आवाज येतो: पुढे पोकळी आहे. परत मागे जाऊन भरा, "घरी गेल्यावर बघू" नको.

बेल्ट वाऱ्यात गुणगुणतो: बेल्टला एक पीळ द्या, आवाज जातो.

रॅचेट उघडत नाही: बहुतेक वेळा रिळावर बेल्टचे जास्त फेरे बसलेले असतात. आधी हाताने बेल्ट ओढून ढील घ्यायची आणि मगच रॅचेट मारायचं, दोन-तीन फेऱ्यांत काम झालं पाहिजे. अडकलाच तर खटका ओढून धरा आणि दांडा पूर्ण सपाट उघडा. हातोडी मारू नका, दात गेले की तो बेल्ट गेला. आणि उघडताना तोंड बाजूला ठेवा. दांडा सुटून माझ्या हनुवटीला बसलेला आहे, तीन टाके पडले होते.