लहानपणीचे दहा प्रश्न आणि आजची तब्येत: गुण कसे मोजायचे, त्यांचं काय करायचं

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी लठ्ठपणावर उपचार करत होते. वजन चांगलं उतरत असलेले रुग्णच मध्येच यायचे बंद होत. विचारपूस केल्यावर अनेकांच्या लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं. त्यातून डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासोबत लहानपणीचे आघात आणि पुढची तब्येत यांच्या संबंधाचा मोठा अभ्यास उभा राहिला आणि १९९८ साली तो प्रसिद्ध झाला. लहानपणीच्या आघातांविषयीच्या दहा प्रश्नांची आजची यादी तिथून आली.

अठरा वर्षांच्या आतलंच मोजायचं. शिवीगाळ-अपमान, मारहाण, लैंगिक अत्याचार, मायेचा अभाव, खाण्यापिण्याची आबाळ, आईवडिलांची फारकत, आईला होणारी मारहाण, घरात दारू किंवा नशा, घरात मानसिक आजार वा आत्महत्येचा प्रयत्न, घरातलं कुणी तुरुंगात. प्रत्येक प्रकाराला एक गुण. वर्षानुवर्षं मार खाल्ला तरी गुण एकच, आणि या मोजणीची मोठी उणीव हीच. जातीवरून झालेली हेटाळणी, गरिबी, शाळेतला छळ यांना तर यादीत जागाच नाही. म्हणून कमी गुण म्हणजे कमी सोसलं, असं समजू नका.

गुण मोजण्याचं हे काम दिवसा करा, घरात विश्वासाचं कुणीतरी असताना. छातीत धडधडू लागलं तर थांबा, पाय जमिनीवर टेकवा, चार अंक मोजत श्वास आत घ्या, सहा मोजत सोडा.

त्या अभ्यासात चार किंवा जास्त गुण असलेल्यांमध्ये व्यसनं, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका शून्य गुणवाल्यांच्या ४ ते १२ पट दिसला. हृदयविकार आणि कर्करोगाचं प्रमाणही गुणांबरोबर चढत गेलं. पण हे आकडे समूहाचे आहेत. तुमचं काय होईल, ते त्यातून कळत नाही. गुण पाहून ‘आता माझं काही खरं नाही’ असं ठरवणं ही सर्वांत घातक चूक.

गुणांचा खरा उपयोग तपासण्या लवकर सुरू करण्यासाठी. सरकारी आरोग्य केंद्रांत रक्तदाब-साखरेची नियमित तपासणी तिशीपासून होते. चार किंवा जास्त गुण असतील तर तिशीची वाट पाहू नका. दोन्ही तपासून घ्या, कोलेस्टेरॉलबद्दल डॉक्टरांना विचारा. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

तंबाखू, दारू, रात्रीचं अति खाणं या सवयी अनेकदा त्या जुन्या भीतीवर सापडलेलं औषधच असतात. म्हणून नुसतं ‘सोड’ म्हणून भागत नाही. आधार काढून घेतला की माणूस कोसळतो. आधी दुसरा आधार उभा करा: ठरलेली झोप, रोजचं चालणं, आघातावर काम करणारा समुपदेशक. आघाताच्या आठवणी सतावत असतील तर त्यावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धत) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करणारी पद्धत) येतं का, हे पहिल्या भेटीतच विचारा. मानसिक आधारासाठी टेलिमानसचा क्रमांक १४४१६. आज एखादं मूल हे सोसत असेल तर मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक १०९८.

डॉक्टरांना सगळी कहाणी सांगायची गरज नसते. “लहानपणी माझ्यावर अत्याचार झालेत, तपासताना आधी सांगा आणि मी हात वर केला की थांबा,” एवढं पुरतं. दातांची किंवा अंगावरची तपासणी वर्षानुवर्षं टाळणाऱ्यांनी हे वाक्य चिठ्ठीवर लिहून नेलं तरी चालेल.