डेटा पुसला म्हणून दावा संपत नाही: या चुका टाळा

अमेरिकेतल्या फेडरल कोर्टात गोपनीयतेचा दावा जरा रंगात आला की प्रतिवादीचा अर्ज येतोच: ट्रॅकर (वापरकर्त्यांवर पाळत ठेवणारा कोड) काढला, डेटा पुसला, वाद मूट झाला (म्हणजे कोर्टाने सोडवावं असं काही उरलं नाही), दावा फेटाळा. वादीकडचा नवखा वकील तेवढ्यानेच गडबडतो. घाई नको.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'पुसला' हा शब्द जसाच्या तसा मान्य करणं. नेमकं काय पुसलं? चालू डेटाबेस, बॅकअप, लॉग, बाहेरच्या कंत्राटदारांकडच्या प्रती, त्या डेटावरून बनवलेली प्रोफाइलं? एकेक विचारावं. प्रतिज्ञापत्र सर्व्हर हाताळणाऱ्याचं मागावं. विधी विभागातल्या साहेबांचं 'माझ्या समजुतीप्रमाणे' कामाचं नाही. शिवाय खटला चालू असताना पुसलेला डेटा हा पुरावाही असू शकतो, म्हणजे फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियम 37(ई) चा (जपायला हवा होता तो इलेक्ट्रॉनिक पुरावा गमावल्याबद्दलच्या कारवाईचा) प्रश्न उभा राहतो. फुशारकीने दाखवलेला डेटा पुसल्याचा हा दाखला कधी कधी प्रतिवादीच्याच गळ्यात येतो.

एखादी प्रत जरी उरली तरी वाद जिवंत. चर्च ऑफ सायंटॉलॉजीच्या 1992 च्या प्रकरणात चर्चच्या वकिलांसोबतच्या संभाषणाच्या टेप कर खात्याच्या हाती आधीच पडल्या होत्या, म्हणून अपील कोर्टाने अपील मूट ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते फिरवलं: प्रती परत करायला किंवा नष्ट करायला सांगता येतं, आणि एवढा अर्धामुर्धा दिलासाही पुरतो.

दुसरी चूक मागण्यांची. जुन्या दाव्यातून उचललेल्या मसुद्यात फक्त मनाई हुकूम मागितलेला असतो. मग प्रथा बंद झाली की हातात काही उरत नाही. कायद्यात वाव असेल तिथे नुकसानभरपाई सुरुवातीलाच मागावी, निदान नाममात्र तरी. झालेल्या हक्कभंगासाठी एक डॉलरही पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या उझुएग्बुनाम निकालापासून स्पष्ट आहे.

पैसे देऊ केले म्हणून दावा मरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या कॅम्पबेल-इवाल्ड प्रकरणात (2016) नौदलाच्या भरतीच्या मेसेजबद्दल दर मेसेजमागे 1,503 डॉलर देऊ केले होते; वादीने ते घेतले नाहीत आणि दावा टिकला. मात्र पूर्ण रक्कम वादीच्या नावे जमा केली आणि कोर्टाने तेवढा निकाल दिला तर काय, हे तिथे मोकळंच ठेवलं. म्हणून आलेला धनादेश न विचारता वटवू नये.

स्टँडिंग (दावा लावण्याचा हक्क) आणि मूटनेस (वाद मूट होणं) यांची खिचडी करू नका. स्टँडिंग वादीने दाखवायचं. 'आम्ही आपणहून थांबलो, पुन्हा करणार नाही' हे सिद्ध करण्याचं जड ओझं प्रतिवादीवर. सर्वोच्च न्यायालयाच्या फिक्रे निकालाने (2024) तेच पुन्हा बजावलं.

कॅलिफोर्नियाच्या ग्राहक गोपनीयता कायद्यातली 30 दिवसांची नोटीस (दाव्याआधी कंपनीला चूक दुरुस्त करायची संधी देणारी) ही निराळी बाब. ती वैधानिक (कायद्यानेच ठरवलेल्या रकमेच्या) भरपाईसाठी लागते, प्रत्यक्ष आर्थिक नुकसानीसाठी नाही. आणि डेटा फुटल्यानंतर बसवलेली सुरक्षा म्हणजे दुरुस्ती नव्हे.

अपिलात वाद खरंच मूट झाला, तर खालचा निकाल रद्द करून मागायला विसरू नये. तडजोड करून मूट केला असेल तर ही सवलत सहसा मिळत नाही.