डांगी गाय पाळायची तर आधी आपला पाऊस बघा

आमचं गाव अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, कळसूबाईच्या रांगेत. पावसाळ्यात इथे आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. अशा पावसात निभावते ती डांगी. तिच्या कातडीतून तेलकट स्राव सुटतो, म्हणून पाणी अंगावरून ओघळून जातं. खूर काळे आणि टणक, भातखाचराच्या चिखलात सहसा खराब होत नाहीत. गुजरातचा डांग, इगतपुरी, त्र्यंबक आणि आमचा हा भाग, हा तिचा मुख्य पट्टा. सोलापूर-सांगलीकडचं कोणी डांगी मागायला आलं तर मी खिलार घ्या म्हणते. लातूरकडे देवणी, नांदेडकडे लाल कंधारी, कोकणात कोकण कपिला. जिथली गाय तिथे ठेवली की निम्मं औषधपाणी वाचतं.

दुधाचा हिशोब मांडून डांगी घेऊ नका. दिवसाला दोन-तीन लिटर दूध देते, त्यातही दोन सड वासराला सोडायचे. तिची कमाई गोऱ्ह्यात आहे, शेणात आहे आणि जो खर्च करावाच लागत नाही त्यात आहे.

खरेदीला हिवाळ्यात राजूरचं प्रदर्शन बघा, घोटीचा बाजार बघा. रंगावर जाऊ नका. पाठीवरून हात फिरवा, तळव्याला तेलकट लागलं पाहिजे. चारी खूर उचलून बघा. पाठीशी वासरू असलेली गाय घ्या आणि तिला पाजताना बघा, म्हणजे स्वभावही कळतो आणि कासही.

किती जनावरं घ्यायची हे पैशावर नाही, गवतावर ठरवा. तीनशे किलोच्या गाईला रोज सात-साडेसात किलो कोरडा चारा लागतो. फेब्रुवारी ते मे डोंगर उघडा पडतो. ते चार महिने धरले तर जनावरामागे आठ-नऊ क्विंटल पेंढा आणि गवत उडवीत, म्हणजे रचलेल्या गंजीत, हवंच. तेवढं नसेल तर दोनच गाई ठेवा.

चराईचं रान आम्ही तीन भागांत वाटलंय. दर वर्षी एक भाग गवताचं बी पडेपर्यंत बंद. बंद ठेवलेल्या तुकड्यात पवन्या आणि मारवेल परत येतात, ही गुरांची आवडती गवतं. कुसळीचं गवत मात्र कुसळं धरायच्या आत कापा, नाहीतर ती जनावराच्या तोंडात आणि कातडीत रुततात. आंबोणाला, म्हणजे चाऱ्यासोबतच्या खुराकाला, गावातल्याच घाण्याची खुरासणीची पेंड पुरते. गाभण गाईला शेवटच्या दोन महिन्यांत ती थोडी वाढवा.

गोठ्याला सिमेंटच्या भिंती नकोत. जोतं उंच, जमीन दगडी आणि उताराची, वाऱ्याच्या बाजूला कारवीचा कूड, दुसरी बाजू मोकळी. कारवी सात-आठ वर्षांनी फुलून वाळते; तशी वाळलेलीच तोडा, हिरवी नको. शेणखड्ड्यावर छप्पर घाला. आमच्या पावसात उघड्या खड्ड्यातलं सगळं सत्त्व ओढ्याला जातं. हेच कुजलेलं खत भाताच्या रोपवाटिकेला वापरा, म्हणजे राब भाजायला, रोपांची जमीन जाळून तयार करायला, झाडाच्या फांद्या तोडाव्या लागत नाहीत. माझ्या लेखी हा डांगी पाळण्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

आता औषधं. सेंद्रिय म्हणजे उपचार न करणं, असं मुळीच नाही. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्या, दर सहा महिन्यांनी लाळ्या-खुरकूत, या लसी चुकवू नका. गोचिडाची मादी अंडी भिंतीच्या आणि जमिनीच्या फटीत घालते, म्हणून नुसत्या गाईला औषध लावून भागत नाही. फटी चुन्याने बुजवा, गोठ्यात चार गावठी कोंबड्या सोडा, अंगाला करंजाचं तेल चोळा. पण ताप आला आणि लघवी लाल झाली तर झाडपाल्यात वेळ घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

जंताचं औषध शेण तपासून, गरज असेल तरच द्या. आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. हे किडे शेण मातीत पुरतात; ते गेले की रानात शेणाचे पोह तसेच वाळत पडतात.

दुखण्यावरचं इंजेक्शन देताना डॉक्टरांना नाव विचारा. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली, केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकवर २०२३ साली. ही औषधं घेतलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती मरतात. मेलॉक्सिकॅम द्या म्हणावं, त्याने गिधाडांना अपाय होत नाही. नाशिकच्या डोंगरात अजून गिधाडं आहेत, ती राहिली पाहिजेत.

वासराला जन्मल्यावर तासाभरात चीक पाजा. कालवड उशिरा, चार वर्षांच्या पुढेमागे विते; घाईने संकराचं रेतन करून घेऊ नका, पुढच्या पिढीत ती तेलकट कातडी पातळ होत जाते. वळू आपल्याच मुलींवर जाणार नाही याची काळजी घ्या. त्याच्या पहिल्या कालवडी माजावर यायच्या आत शेजारच्या गावाशी वळूची अदलाबदल करा. आम्ही तीन गावं मिळून हे करतो: कोणता वळू कुणाकडे आणि कोणत्या सालापासून, हे वहीत लिहून ठेवतो.